खोडलेला आकडा

"दुसरा हात नाही बघायचा?" मावशींनी डावा हात पुढे केला. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. "आम्ही बांगड्या भरताना दोन्ही हात बघतो, बाई. माणसाचे दोन हात सारखे नसतात."

डावा पाय अचानक बधिर झाला म्हणून त्या लेकीच्या आधाराने आमच्या अपघात विभागात आल्या होत्या. छातीत किंवा पाठीत काहीच दुखत नव्हतं. कंबरेची शीर दबली असणार, असं मी तपासण्याआधीच ठरवून टाकलं होतं. उजव्या हातावर रक्तदाब एकशे साठ भरला. मावशींच्या समाधानासाठी डावाही मोजला, तो शंभर आला. पट्टा सैल बसला असेल, असं म्हणून मी लिहिलेला आकडा खोडला आणि पुन्हा मोजला नाही. गोळी देऊन त्यांना बाकावर बसवलं.

तासाभराने आमचे वरिष्ठ डॉक्टर, सर, आले. त्यांनी केसपेपर उजेडात धरला, खोडलेलं वाचलं आणि ते जवळजवळ धावतच बाकापाशी गेले. स्कॅनमध्ये महाधमनीचं आतलं अस्तर फाटलेलं निघालं; म्हणूनच डाव्या हाताला आणि पायाला रक्त कमी पोचत होतं.

मावशींना शस्त्रक्रियेला नेताना लेकीने माझे हात धरले. "मॅडम, तुम्ही दोन्ही हात बघितलेत म्हणून कळलं हो!"

"चांगली शिकलेली पोर आहे," स्ट्रेचरवरून मावशी म्हणाल्या.

मला मान वर करता येईना.

"तो आकडा स्वच्छ लिही," सर एवढंच म्हणाले.

मी लिहिला. शेजारी तो मोजल्याची वेळ टाकली : दहा वाजून वीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.