अफीची फायनल

कोजोने गाडीचं दार अफीच्या बोटांवर आपटलं. मग उघडून पुन्हा आपटलं. मागच्या सीटवर बसलेल्या त्यांच्या लेकीने, एसीने, दोन्ही हातांनी कान झाकले. ती पाच वर्षांची होती आणि हे तिला नवीन नव्हतं.

"आता शोध दुसरा कोच," कोजो म्हणाला.

तो अफीचा नवरा होता आणि कोचही. आफ्रिकेतल्या टोगोसारख्या चिमुकल्या देशातून धावण्याच्या एवढ्या मोठ्या अमेरिकन स्पर्धेच्या फायनलला पोचलेली अफी पहिलीच बाई. पेपरात फोटो मात्र दोघांचा यायचा. यापुढे दुसऱ्या कोचकडे जाते, एवढंच ती त्या सकाळी बोलली होती.

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराच्या स्टेडियममध्ये फिजिओ कादंबरीने ती बोटं पाहिली. कादंबरी नागपूरची, इथे शिकता शिकता काम करणारी. दोन बोटं मोडली होती, त्यात शंका नव्हती.

"अफी, मी पोलिसांना कॉल करते."

"एसी त्याच्याजवळ आहे. नको करूस. टेप लाव."

कादंबरीने टेप लावली. मग बाहेर जाऊन तिने कॉल केलाच.

दोनशे मीटरची शर्यत वळणावरून सुटायची, पार्किंगच्या फाटकाजवळून. कोजो एसीला घेऊन तिथेच कठड्याशी उभा होता. अफी खाली वाकली. मोडकी बोटं जमिनीला टेकली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात मैदानापलीकडे पोलिसांची गाडी येऊन थांबली. कोजोने ती पाहिली. त्याने एसीचा दंड पिरगाळला आणि तिला फाटकाकडे फरफटत नेलं. पोर किंचाळली.

शर्यत सुरू करणारी बंदूक उडाली. सात जणी वळणाकडे सुटल्या. अफी उलटी फिरली.

कठडा ओलांडून ती फाटकाबाहेरच्या त्यांच्या गाडीपाशी पोचली तेव्हा कोजो एसीला आत ढकलत होता. अफीने धावायच्या बुटाचे टोकदार खिळे त्याच्या पोटरीत घातले. एसी त्याच्या हातून सुटली. त्याने मुठीत किल्ल्या धरून अफीच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. मग त्याने तिची टेप लावलेली बोटं धरून पिळली. ती ओरडली, पण दुसऱ्या हातातली त्याची कॉलर तिने सोडली नाही. तो मारत राहिला. पोलिसांनी त्याला खाली पाडलं, तरी तिची मूठ सुटेना.

फलकावर सात जणींच्या वेळा झळकल्या. अफीच्या नावापुढे काहीच नव्हतं.

ॲम्ब्युलन्समध्ये एसी आईच्या कुशीत शिरून बसली होती. कादंबरीला रडू आवरत नव्हतं.

"कॉल मी केला," ती म्हणाली. "तू नको म्हणाली होतीस. माझ्यामुळे तुझी फायनल गेली."

अफीने तोंडातलं रक्त पुसलं. मग तिने विचारलं,

"तुझ्या घराचं दार आतून लॉक करता येतं ना?"