चौदावा प्रश्न

चौदाव्या प्रश्नासमोर शेवटच्या चौकटीत पेन्सिलीची खूण होती. 'जगणं नको वाटतं का?' उत्तर: तीन. म्हणजे जवळजवळ रोज.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खूण ठळक होती. चुकून लागलेली नव्हती.

फॉर्म वस्तीतल्या पाहणीचा नव्हता, सरावाचा होता. कुठलीही प्रश्नावली लोकांकडे नेण्याआधी मानसशास्त्र विभागातल्या सगळ्यांनी ती स्वतः भरायची, आणि खरी भरायची, असा विभागप्रमुख मॅडमचा दंडक होता. दुसऱ्याला जे विचारायचं ते आधी आपण सोसायचं. मॅडम धरून आठ जण एका खोलीत बसले, एकसारख्या पेन्सिलींनी फॉर्म भरले आणि खोक्यात टाकले. नाव नाही, क्रमांक नाही. ती वेळ मोजत होती, तिच्याकडे फक्त घड्याळ होतं. एका फॉर्मला सरासरी अकरा मिनिटं लागतात, एवढं टिपून तिने गठ्ठा खणात ठेवला. आज तो फाडायला काढला होता.

चौदाव्या प्रश्नाचा नियम तिनेच लिहिला होता. शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर माणूस खोलीबाहेर पडण्याआधी त्याच्याशी बोलायचं. वस्तीत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. या फॉर्मला सोळा दिवस झाले होते.

आठही जण आहेत ना, हे ती बोटांवर मोजू लागली. सात जण सकाळपासून कुठे ना कुठे दिसले होते. ग्रंथपाल रजेवर होता. तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. नवव्या घंटेला तो तोंडात कापूस असल्यासारखा बोलला, "दाताच्या डॉक्टरकडे आहे. नंतर करतो." तिला रडूच आलं.

मॅडमनी फॉर्म हातात घेतला. बराच वेळ परत दिला नाही.

"एकेकाला गाठ," त्या शेवटी म्हणाल्या. "फोनवर नको. दार लाव आणि सरळ विचार. आडवळणाने नाही."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर पुढच्याकडे जा. आजच्या आज."

प्रयोगशाळेतली मदतनीस ताई काचेच्या कपाटावरची धूळ पुसत होती. प्रश्न ऐकून ती हसली. "मी? अगं, दोन पोरं, सासूबाईंचा गुडघा, वर हे कपाट. मला मरायला वेळ कुठाय!" ती पुन्हा पुसायला लागली.

दुसरा होता आकडेमोड सांभाळणारा संशोधक. त्याला सगळे 'सरासरी' म्हणत. उंची, वजन, गुण, सगळं मधलं आहे, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. विभागातले निम्मे विनोद त्याचे होते.

"काय गं, तोंड का उतरलंय? डेटा उडाला?"

तिने दार लावलं.

"बाप रे. आता मात्र घाबरलो."

"सरासरीदादा, सरावाच्या फॉर्मवर चौदाव्या प्रश्नाला तीन कोणी लिहिलंय? तू?"

तो हसण्याच्या बेतात होता. ते हसू तसंच थांबलं. त्याने संगणकाचा पडदा बंद केला, जणू तोही ऐकत होता.

"ते फॉर्म कोणी बघत नाही ना?" तो म्हणाला. "म्हणून तर खरं लिहिलं."

मग तिने सगळं नियमाप्रमाणे केलं. पाणी दिलं. घाई केली नाही. जे विचारायचं ते स्पष्ट विचारलं. त्याच्यासमोरच समुपदेशकांना फोन केला आणि त्याच्याबरोबर दोन जिने उतरून गेली. जिन्यात तो म्हणाला, "एवढं लक्ष माझ्याकडे आजवर कोणी दिलं नाही. वर्गात पहिला यायला हवं होतं." तिने त्याचा दंड धरून ठेवला. दारात पोहोचल्यावरही सोडला नाही. आतून समुपदेशक म्हणाल्या, "आता मी आहे," तेव्हा कुठे सोडला.

वर येताना तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. सोळा दिवस उशीर झाला होता. फार उशीर झाला नव्हता.

"सापडला," ती मॅडमना म्हणाली. "सरासरीदादा. त्याच्या बहिणीला बोलावलंय, ती घरी नेणार आहे. आता बाकीच्यांना विचारायला नको. सगळ्यांचं शून्यच आहे."

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

"माझंही?"

"हो. म्हणजे, कुणाचा कोणता ते कळत नाही. पण उरलेले सातही फॉर्म शून्यच आहेत."

"दार लाव," मॅडम म्हणाल्या. "मी खोटं लिहिलं होतं."

तिने दार लावलं. खुर्ची ओढून मॅडमच्या शेजारी ठेवली. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं, हे मॅडमनीच शिकवलं होतं. पुढे काय बोलायचं तेही पाठ होतं, पण तिची नजर भिंतीकडे गेली. भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं. त्यात वस्तीतले एकशे एकतीस फॉर्म होते. त्यातल्या नऊ जणांपाशी ती तासन्‌तास बसली होती. उरलेल्या एकशे बावीस जणांना तिने शून्य पाहून, आभार मानून, घरी पाठवलं होतं.