वीणेचा पहारा

"उतरव ती वीणा! आत्ताच्या आत्ता!"

काशीराम गरजला तशी मुलुंडच्या त्या गाळ्यात प्रदर्शन बघायला आलेली माणसं भिंतीला चिकटली. मधोमध त्याचा पोरगा सुशांत उभा. अंगात हिरवी नऊवारी, ओठांना लाली, गळ्यात वीणा. भोवती दोऱ्यांना लटकलेल्या बांगड्या, उंच टाचांच्या चपला, एक फाटका परकर. 'असल्या' पोरांना हाकलताना घरच्यांनी मागून भिरकावलेल्या वस्तू. सुशांतची बॅग तर काशीरामनं स्वतः जिन्यावरून फेकली होती.

"देवाची थट्टा मांडलीस, मेल्या?"

"थट्टा नाही, बाबा. पहारा देतोय. सप्ताहात कोणी वीणा खाली ठेवतं का? ज्याला हवी त्यानं पाया पडून गळ्यात घ्यावी."

ही रीत काशीरामनंच शिकवलेली. त्यानं हिसकायला हात घातला आणि थबकला. दांडीला त्यानंच बांधलेली तांब्याची तार होती. त्यानं भोपळा चाचपला. कुठे चीरसुद्धा नाही.

"ही तर आपल्या भजनी मंडळाची! भोपळा फुटला म्हणून खाडीत सोडली म्हणालात ना, भाऊ?"

मंडळाचे अध्यक्ष भाऊ दारातच होते. 'पोरानं लाज काढली, चल' म्हणत काशीरामला इथं तेच घेऊन आले होते.

"कांजूरच्या भंगारवाल्याकडे मिळाली," सुशांत म्हणाला.

भाऊ खेकसले, "मग काय देवळात ठेवायची? गेल्या सप्ताहात ह्या बायल्यानं पहारा दिला तिच्यावर. बाटली ती! आण इकडे, फेकून देतो."

काशीरामच्या कपाळाची शीर तटतटली. जन्मभर कीर्तनात त्यानं ऐकलं होतं, देव भक्तासोबत शेण्या थापतो, मेलेली ढोरं ओढतो. आणि तो देव ह्या पोराचा हात लागून बाटला?

"घ्या ना, भाऊ. पण रीतीनं घ्या. पडा पाया पोराच्या."

भाऊंनी तोंड फिरवलं.

मग काशीरामच पुढे झाला. रागातच तो वाकला आणि सुशांतच्या पायांच्या रंगवलेल्या नखांवर त्यानं कपाळ टेकलं. सुशांतही गडबडून बापाच्या पायांशी वाकला. वीणा बापाच्या गळ्यात आली.

"रडतोस काय आता? सकाळपासून पोटात काय गेलंय का?" तो पोरावर डाफरला. "जा, चार घास खाऊन ये. तोवर मी उभा आहे."