लाल नको, हिरवी

आत्याचं रंगांचं शास्त्र सगळ्या घराला तोंडपाठ होतं. लाल म्हणजे भीती, पिवळा म्हणजे नुसती धाकधूक आणि हिरवा म्हणजे जिवाला गारवा! त्यामुळे बस उलटल्यावर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नर्सबाईंनी घाईघाईत तिच्या मनगटाला हिरवी फीत बांधली आणि भाचीच्या, म्हणजे ढमीच्या मनगटाला लाल, तेव्हा आत्याच्या काळजात धस्सच झालं.

"आत्या, माझीच का गं लाल?" ढमीने पोट दाबून धरत विचारलं. "मी मरणार आहे का?"

"गप गं! काहीतरीच तुझं. त्या बाईंना रंगांतलं काही कळत नाही." आत्याने दातांनी गाठी सोडवल्या आणि फितींची सरळ अदलाबदल करून टाकली. "घे, झालीस हिरवी! एकदम ठणठणीत!"

ढमी खुदकन हसली.

तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन दोघं धावत आले, त्यांनी मनगटं बघितली आणि आत्यालाच उचललं.

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात, मावशी," म्हणत त्यांनी तिला थेट आत नेलं.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि ते वैतागलेच. "तुम्हाला लाल कुणी बांधली? ज्यांना आत्ताच्या आत्ता ऑपरेशन लागणार, त्यांनाच लाल! हिरवेवाले थांबू शकतात."

आत्या धडपडत बाहेर पळाली.



ढमी बाकावर हिरवी फीत मुठीत धरून शांत पडली होती, आणि तिचं पोट आता अजिबात दुखत नव्हतं.