पाऊण तास

"पोट दगडासारखं झालंय. आतडं फुटलंय, उघडावंच लागणार," सर्जन म्हणाला आणि त्याने ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

स्ट्रेचरवरची पेशंट तिशीची. दोन दिवस उलट्या, रक्तदाब जेमतेम सत्तर. साखर कमी आली, म्हणून वरच्या मजल्यावरून हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. त्यांनी साखरेचं बघायचं, सही करायची नि जायचं, एवढंच.

बाईंनी पेशंटचा ओठ खाली ओढला. हिरडीवर शाई सांडल्यासारखे डाग. तळहातांच्या रेषाही काळ्या.

"ही मीठ फार खाते का हो?" त्यांनी दाराशी उभ्या नवऱ्याला विचारलं.

तो रंगारी होता. नखांत अजून ओला रंग होता. तो चपापला. "हातावर घेऊन चाटते. तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाई सर्जनकडे वळल्या. "ऑपरेशन नको. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बंद पडल्यात हिच्या, पोटही त्यानेच ताठलंय. भूल दिलीत तर टेबलावरच जाईल. स्टेरॉइड आणि सलाइन देऊ."

"आणि आतडंच फुटलं असेल तर?"

"तर माझ्यामुळे जाईल."

सर्जनने घड्याळाकडे पाहिलं. "पाऊण तास. लिहून द्या मला."

लिहिताना पेनचं टोक कागद फाडून गेलं.

"मॅडम," रंगारी दबक्या आवाजात म्हणाला, "असे किती पेशंट बघितलेत तुम्ही?"

"या आजाराचे पुष्कळ. असे कोसळलेले तीन."

"तिघंही वाचले?"

एकवीस वर्षांत खोटा धीर द्यायलाही त्या शिकल्या होत्या. आज तो तोंडातून निघेना.

"दोघं. पहिली गेली. मी नवी होते, ओळखता आलं नाही. ती गेल्यावर पुस्तक उघडलं."

तो बायकोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "द्या इंजेक्शन."

ते बाईंनी स्वतः दिलं आणि त्या स्टुलावर बसल्या. वीस मिनिटांनी रक्तदाब बहात्तर. अर्ध्या तासाने अडुसष्ट. सर्जन हात धुऊन दारात येऊन उभा राहिला. हा आजार नसेलच तर? मिठाची आवड काय, कुणालाही असते.

चाळिसाव्या मिनिटाला चौऱ्याऐंशी. मग शहाण्णव.

पेशंटने डोळे उघडले. नवऱ्याला पाहून कपाळाला आठी घातली. "अहो, काम अर्धवट टाकून आलात?"

रंगारी हसायला गेला आणि हुंदके देत खालीच बसला. सर्जन आला तसा निघून गेला.

"मॅडम," नर्स हळूच म्हणाली, "मनगट सोडा आता तिचं. बोटं उमटलीत."