सत्काराला आणलेली आमरी

मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात पुष्पगुच्छ दिला आणि ते माईकवर म्हणाले, "सड्यावरचं दुर्मिळ ऑर्किड, आमरी, शोधणाऱ्या आपल्या दहावीतल्या कन्येचं कौतुक!"

मी गुच्छाकडे पाहिलं. पांढरी, झालरीसारखी फुलं. गावामागच्या अख्ख्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, आमरीची सातच रोपं होती, पावसाळाभर मी ती दर रविवारी मोजली होती. गुच्छात सात दांडे होते.

"सर, ही कुठून आणली?"

"तुझ्याच प्रकल्पातल्या नकाशावरून! म्हटलं, हिच्या सत्काराला साधा झेंडू कशाला?"

टाळ्या पडल्या. मी माईक ओढला. "सर, त्याच प्रकल्पात पहिल्याच पानावर लिहिलंय, एकही फूल तोडू नका. तुम्ही वीसपैकी वीस दिलेत. वाचलात तरी का?"

मी चकचकीत कागद टराटरा फाडला. रोपं मुळासकट उपटलेली होती, कंदांना अजून ओली माती होती. बाटलीतल्या पाण्याने शाल भिजवून मी त्यात ती गुंडाळली आणि भर कार्यक्रमातून सड्याकडे निघाले.

मागून सर ओरडले, "अगं, शाल तरी ठेव, पुढच्या सत्काराला लागते!"

मी थांबले नाही. सात खड्डे सुकायच्या आत पोचायचं होतं.