दोन सूत

"हलू नका," रशिदा म्हणाली.

शिलाईचा टेप तिनं नवऱ्याच्या भुवयांखाली आडवा धरला होता आणि मोबाइल खांद्यानं कानाशी दाबला होता. पलीकडे नागपूरहून त्यांची मुलगी नाहीद बोलत होती. पहिल्या पगारातून ती अब्बांसाठी इंटरनेटवरून चष्मा मागवत होती. डॉक्टरच्या चिठ्ठीतले नंबर तिनं भरले, तर कॉम्प्युटर आणखी एका मापासाठी अडून बसला. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलीमीटरमध्ये.

बत्तीस वर्षं चंद्रपुरात लोकांची मापं घेणाऱ्या नूरुद्दीनचं माप आज पहिल्यांदा कुणी घेत होतं, आणि तेही डोळ्यांचं.

"आदमी पाहल्याबिगर चष्मा बनवून राह्यले," तो पुटपुटला. "मी तर गिऱ्हाईक पाहल्याबिगर पायजमाही कापत नाई."

"खिडकीकडे पाहा. झालं. बासष्ट."

"दोन सूत वाढवून सांग. टाइट कपडा वापस येते, तसा चष्माही येईन. डोळ्यालेही हालाले जागा लागते."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. छाती असो की कंबर, अंगापेक्षा कपडा थोडा सैल ठेवायचा, ही शिंप्याची सवय. हाडात मुरलेली. रशिदा "हो" म्हणाली, आवाज तुटतो म्हणून दाराबाहेर गेली आणि लेकीला माप सांगून आली.

हा चष्मा लागला नाही तर मशीन विकून टाकायची, हे नूरुद्दीननं ठरवून ठेवलं होतं. दोन डोळ्यांचे दोन नंबर. बाजारातला तयार चष्मा लावला की डोकं ठणकायचं. सुईत दोरा रशिदाच ओवून द्यायची. तरी ऐट गेली नव्हती. "डोळे गेले, हात थोडीच गेला," तो म्हणायचा. "दोन वर्षांत एक तरी कपडा वापस आला काय?" आणि खरंच, एकही आला नव्हता.

बाराव्या दिवशी दुपारी कुरिअरवाला डबी देऊन गेला. रशिदा खिडकीपाशी बसून एका वकिलाच्या पांढऱ्या कुर्त्याची काजं करत होती. दुकानात शिवलेला प्रत्येक कपडा काज-बटनासाठी शेवटी तिच्या हाती यायचा.

नूरुद्दीननं चष्मा चढवला. नाकावर बसला, कानांमागे बसला. मशीनची सुई त्यानं एका झटक्यात ओवली. विश्वास बसेना, म्हणून दोरा काढून पुन्हा ओवली.

"कुठी तो कारागीर, कुठी मी," तो हळूच म्हणाला. "ना त्यानं मले पाहलं, ना मी त्याले. अन् माप असं, जसा समोर बसवून शिवला." मग जरा छाती काढून, "दोन सूत कामी आले, पाहलं?"

रशिदानं पुढचं काज हाती घेतलं.

आता आपली शिलाई पाहायची त्याला घाई झाली. शेजारी तिनं काजं करून ठेवलेला दुसरा कुर्ता होता, तोही पांढरा. पांढऱ्यावर पांढरा दोरा त्याला कधीचा दिसला नव्हता. खांद्याची शिवण त्यानं उजेडात धरली. सरळ होती. मनात म्हणाला, बघा. मग शिवणीच्या बाजूला त्याला बारीक बारीक भोकं दिसली, सुईची, रिकामी, दोरा उसवून काढलेली. ती ओळ वाकडीतिकडी होत बाहीपर्यंत गेली होती.

त्यानं कुर्ता उलटा केला. आतून टाक्यावर टाका चढलेला. मशीनचा टाका तसा चढत नाही. हातानं घातलेला बखिया होता तो, खांद्यापासून बगलेपर्यंत. एक टाका लहान नाही, एक मोठा नाही.

तिसरा कुर्ता पाहिला. तेच. स्वतःच्या अंगातला काढला, गेल्या ईदेला शिवलेला. तेच.

त्याला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटलीही. पण आधी त्याच्यातला कारागीर थक्क झाला. ज्या उस्तादाच्या दुकानात तो पोरवयात शिकला, त्या उस्तादाचा हातसुद्धा असा नव्हता. मशीनवाल्याला दोन वर्षं कळू नये असं मशीनसारखं हातानं शिवायचं, आणि वर रोज त्याच्याच तोंडून त्याच्या हाताची तारीफ ऐकायची. तो उघड्या अंगानं तसाच बसून राहिला, त्या टाक्यांवरून बोट फिरवत.

"रशिदा."

"हं."

"त्या दिवशी नाहीदले माप किती सांगतलं होतं तू?"

रशिदानं काजाचा दोरा दातानं तोडला.

"होतं तेवढंच," ती म्हणाली. मग हातातली सुई त्याच्यापुढे धरली. "जरा ओवून द्या. महिना झाला, मले भोक दिसत नाई. अंदाजानं ओवून राह्यले."

नूरुद्दीननं सुई घेतली आणि बाजूला ठेवली. खुंटीवरचा टेप काढला. तिच्यासमोर मांडी घालून बसला, तिचा पदर कपाळावरून जरा मागे सारला आणि टेप तिच्या भुवयांखाली आडवा धरला.

"हलू नको," तो म्हणाला.